पाचवा दाणा

काड्यापेटी उघडली, तर आत तुरीचे पाच दाणे.

"पुन्हा पाच?" अनुपमानं विचारलं. महामायानं मान हलवली. तिसरीतली ही पोर पाढे घडाघडा म्हणायची, पण घरातली माणसं मोजायला सांगितली की घोडं पेंड खायचं.

गृहपाठ अगदी साधा होता. घरात जेवणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक दाणा पेटीत टाकायचा. वर्गात रोज काय शिकवलं ते अनुपमा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर बोलून पाठवायची आणि पालकांनी पोरांचं उत्तर तपासून आकडा कळवायचा. सत्तावीस घरांचं जमलं. एकटा महामायाचा बाप, प्रेमानंद, रोज तेच कळवायचा. "मॅडम, आमी चार जनच आहो. पोरगी पाच टाकून राह्यली. हातचा एक धरते काय?"

सोमवारी तपासणीला साहेब येणार होते. पोरीच्या नावापुढं 'संख्याज्ञान कच्चे' असं लिहिलं गेलं असतं आणि हा शेरा वर्षभर तिच्या मागं लागला असता. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर अनुपमानं स्कुटी सरळ त्यांच्या दारात नेली.

"आमी बाहेरचं, अंगातलं काही मानत नाही," प्रेमानंदनं आधीच सांगून टाकलं. "गनिताचाच घोळ असन."

महामाया जमिनीवर दाणे मांडायला बसली. ही आई, हे बाबा, ही आजी, ही मी. चार झाले. मग तिनं पाचवा दाणा सरकवत सरकवत पार भिंतीपाशी नेऊन ठेवला.

"हे कोण?"

"ते."

"नाव काय त्याचं?"

"नाव नाही सांगत ते."

"बाळा, डोळ्यांना दिसतं तेवढंच मोजायचं असतं."

"दिसते नं, मॅडम."

तेवढ्यात तिची आई, सुवर्णा, चहा घेऊन आली. प्रेमानंदनं एक कप घेतला, दुसरा खाटेवरच्या अंबूआजीला दिला, अनुपमानं घेतला, सुवर्णानं स्वतः घेतला. पोर चहा पीत नव्हती. ताटात एक कप उरला.

"हा कोणाचा?" अनुपमानं सहज विचारलं.

सुवर्णा त्या कपाकडं बघत राहिली. "एक जास्तच होते, मॅडम. काऊन होते, काय मालूम." अंबूआजीनं खाटेवरून वाकून ताट भिंतीकडं सरकवलं, रोजचंच काम असल्यासारखं.

अनुपमानं हातातला कप खाली ठेवला. पण शिक्षिकेनं पोरांसमोर घाबरून कसं चालेल? तिनं हसून वेळ मारून नेली. "बरं, मग त्याला म्हणावं, माझ्याकडं राहायला ये. मी शिकवीन त्याला. तू मात्र चारच मोजायचे."

महामायानं भिंतीकडं पाहिलं आणि पाचवा दाणा उचलून अनुपमाच्या हातात दिला. अनुपमानं तो पर्समध्ये टाकला.

सोमवारी साहेबांनी महामायाची पेटी उघडली. चार दाणे. त्यांनी बरोबरची खूण केली आणि पुढच्या पोराकडं वळले. अनुपमाचा जीव भांड्यात पडला. दुपारी प्रेमानंदचा संदेश आला, "मॅडम, तुमचे लई उपकार. एका भेटीत पोरीचं गनित सुधरलं."

शाळा सुटताना तिनं महामायाला जवळ बोलावलं. कौतुकच करायचं होतं, पण तोंडातून निघालं भलतंच.

"आणि ते पाचवं कुठं गेलं गं?"

"तुमीच त बलावलं," पोर दप्तर खांद्याला अडकवत म्हणाली. "तुमच्या गाडीवर मांगं बसून गेलं."

पोरं पांगली. अनुपमा प्रेमानंदला उत्तर लिहायला बसली. 'आनंद झाला' एवढं लिहून तिचं बोट थांबलं.

नांदुऱ्याच्या खोलीवर ती एकटीच राहायची. काल सकाळी तिनं चहा दोन कपांत ओतला होता. आजही. घाईत होतं असं, म्हणून तिनं मनावर घेतलं नव्हतं.

आणि विसळायला घेतले, तेव्हा दोन्ही कप रिकामे होते.