शेवटचा घास

वृद्धाश्रमातल्या ताई अकरा वर्षं परक्यांच्या आयांना भरवत आल्या होत्या. गेल्या महिन्यात त्या इथे डबल ड्युटीवर असताना त्यांची स्वतःची आई घरात एकटीच वारली. उशाशी झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं.

त्या दुपारी खिडकीजवळच्या आजींनी शेवटचा घास नाकारला.

"मला पुरे. तुझ्या मागे उभी आहे ना, तिला दे. केव्हाची तोंड उघडून उभी आहे बिचारी."

"आजी, मागे भिंत आहे हो."

"असू दे. तू दे."

म्हातारीचा हट्ट पुरवावा म्हणून ताईंनी न वळताच चमचा खांद्यावरून मागे धरला. कुणीतरी तो बोळक्या तोंडात अलगद धरला, चाटूनपुसून घेतला आणि सोडला.

ताईंना मागे वळवेना. त्या चमचा पुन्हा भरायला गेल्या. वाटीत काहीच उरलं नव्हतं.