साहेब घर बघायला येणार

जीप ओढ्यापाशीच थांबली, म्हणून साहेबांना पाड्यापर्यंत पायी चढावं लागलं. त्यांच्यामागे फाइल सांभाळत त्यांचा लेखनिक, आणि सगळ्यात शेवटी जगन आगिवले. जगन मुरबाडच्या एका सरकारी कचेरीत कारकून होता. आदिवासींच्या राखीव जागेवर लागून त्याला चौदा वर्षं झाली होती. तो खरोखरच आदिवासी ठाकर आहे का, हे तपासायला आज ही माणसं डोळखांबच्या डोंगरात त्याच्या घरी आली होती. नाही ठरला, तर नोकरी जाणार होती.

दारात पाऊल टाकलं आणि जगननं आधी भिंतीकडे पाहिलं.

घर लख्ख होतं. त्याच्या लग्नात तांदळाच्या पिठानं काढलेला चौक भिंतीवर इतकी वर्षं टिकून होता, त्यावर चुना फासला होता. हिरवा देवाची मोरपिसं टांगलेली असायची त्या कोपऱ्यात कॅलेंडरवरची लक्ष्मी हसत होती. शाळेतून मागून आणलेल्या दोन खुर्च्या मधोमध मांडलेल्या. आणि जन्मभर गुडघ्यापर्यंत आवळून लुगडं नेसलेली त्याची आई, बुधी, आज पायघोळ पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

"या सायेब, बसा," ती म्हणाली.

तिला काय बोलणार? जगननंच निरोप धाडला होता, साहेब लोक घर बघायला येणार आहेत एवढाच; कशासाठी, ते कळवलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीच्या बारशाला कचेरीतली मंडळी यायची होती, तेव्हाही त्यानं असाच निरोप धाडला होता आणि आदल्या दिवशी स्वतः येऊन आईकडून चौक, मोरपिसं, सगळं झाकून घेतलं होतं. कचेरीत त्यानं डबा उघडला की कुणीतरी हटकून विचारायचं, "काय आगिवले, आज खेकडे की उंदीर?" बोलण्यात चुकून 'आमी' आलं की चार टेबलं हसायची. शेवटी त्यानं डबा बदलला, बोलणं बदललं. हौसेनं नाही, रोज थोडं थोडं मेल्यासारखं होऊन बदललं. आता बदललेलं तेवढं साहेबांना दिसत होतं.

साहेब माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

"तुमच्या शाळेच्या दाखल्यावर ठाकर नाही, ठाकूर आहे," ते खुर्चीत बसत म्हणाले. "पण ठाकूर लिहिणारे सगळेच आदिवासी नसतात. म्हणून घर बघावं लागतं, राहणी बघावी लागते. देव कुठायत तुमचे?"

"माळ्यावर असतील. काढतो लगेच." जगन शिडीकडे धावला.

"राहू द्या. आम्ही येणार म्हटलं की घरोघर मोरपिसं निघतात. गेल्या महिन्यात एकानं म्हशाच्या जत्रेतून विकत आणून लावली होती. गौरीचा नाच येतो?"

येत होता. पंधराव्या वर्षी जगन नाचायला लागला की ढोलकीवाल्याचे हात भरून यायचे. पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी कचेरीच्या गणपतीत सगळ्यांनी मिळून त्याच्या कमरेला आंब्याचे डहाळे बांधले आणि टाळ्या पिटत त्याला नाचवलं. त्यानंतर पाय उचलला नव्हता. आत्ता उचलायला गेला, तर पहिला ठेकाच आठवेना. लेखनिकानं काहीतरी लिहून घेतलं.

मग साहेब बुधीकडे वळले. "आजी, तुमच्याकडे लग्नात देवाला बोलवायचं गाणं असतं ना? म्हणा बरं दोन ओळी."

बुधीचा चेहरा उजळला. पाड्यावरचं एकही लग्न तिच्याशिवाय लागत नव्हतं. तिनं पदर सावरला, खाकरली, आणि मग थबकली.

"कोनाचं लगीन हाय?"

"कोणाचं नाही. नुसतं म्हणून दाखवा."

बुधीनं जीभ चावली, दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. "नाय सायेब. नुसतं नाय म्हनता येत. हाक मारली न देव आला दारात, तं त्याला काय सांगू? कशाला बोलावलं?"

जगन पुढे सरकला. याहून मोठा पुरावा कुठल्या कागदात मिळणार होता? "साहेब, ऐकलंत ना? हेच तर..."

"तुम्ही मध्ये बोलू नका. पढवलेलं आम्हाला चालत नाही." साहेब लेखनिकाकडे वळले. "लिहा. पारंपरिक गीत म्हणता आले नाही."

सही कुठे करायची ते लेखनिकानं बोटानं दाखवलं. चौदा वर्षं जगननं दुसऱ्यांचे कागद असेच पुढे सरकवले होते. त्यानं सही केली. बुधीनं अंगठा उठवला. चहा घेऊन, "आजी, चहा झकास हं," असं मनापासून म्हणून साहेब उतरणीला लागले.

जगन उंबऱ्यावरच बसून राहिला. आई, एकदा म्हटलं असतंस तर, असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

बुधीनं कपबशा गोळा केल्या. पदराला हात पुसत ती त्याच्या शेजारी टेकली. खाली झाडीत जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

"सायेब खूश गेला ना रे?"

जगननं मान डोलावली.

"मंग!" तिनं चुना लावलेल्या भिंतीकडे एकदा डोळे भरून पाहिलं. "तुला नावं ठेवाया काय जागाच ठेवली नाय मी."