खिडकीवरचं बोट

केमोने केस गेल्यापासून वत्सलाताई लेकीला फोटो पाठवताना खिडकीकडे पाठ करून बसत आणि मोबाइलच्या पडद्यावर खिडकीलाच बोट लावत. कॅमेरा उन्हाच्या बेताने उजेड घेई आणि त्यांचा चेहरा अंधारात राही.

आज लेकीचा फोन आलाच. “आई, मागच्या जास्वंदीची पाकळी न् पाकळी दिसते, तूच तेवढी काळीठिक्कर! ही युक्ती तूच शिकवलीस मला. आता बोट चेहऱ्यावर लाव.”

“घाबरशील गं.”

“लाव म्हणते ना!”

त्यांनी लावलं. जास्वंद पांढऱ्या उजेडात विरून गेली, तुळतुळीत डोकं लख्ख दिसलं. डोळे मिटून त्यांनी फोटो पाठवला.

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज झाला. मग लेक म्हणाली, “अगं, डिट्टो आजोबा! मिशीच तेवढी राहिली.”

वत्सलाताईंना इतकं हसू फुटलं, की दुसरा फोटो पार हलला.