लाऊडस्पीकरची साक्ष

"लाव पैज," सलूनवाला म्हणाला आणि त्यानं टेलरच्या अर्ध्या दाढीवर वस्तरा थांबवला. "निकाल आमच्या विरुद्धच लागणार."

गळ्यावर वस्तरा असताना नाही म्हणायची कुणाची छाती? टेलरनं पैज घेतली. सलूनवाला हरला तर त्याची पीळदार मिशी भर चौकात उतरवायची, तीही टेलरच्या हातानं. टेलर हरला तर त्यानं वर्षभर रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, लाऊडस्पीकरच्या दोन वेण्या घालायच्या.

बाकावरची गिऱ्हाइकं खिदळली. टेलर मनात जास्तच खिदळला. पोरीलाच देशाबाहेर काढलं तर वेण्या घालायच्या कुणाच्या? याचं कसब सगळं डोक्याच्या बाहेरून, आतला कारभार आनंदीआनंद, असं म्हणत त्यानं उरलेली दाढी पुढे केली.

लाऊडस्पीकर म्हणजे सलूनवाल्यानं वाढवलेली पोर. दिवसभरात चार शब्द बोलली तर गल्ली पेढे वाटेल, म्हणून हे नाव. तिची आई सलूनमागच्या खोलीत भाड्यानं राहायची. पोर रांगायच्या आतच ती तापानं गेली, आणि पोरीला न्यायला कुणी फिरकलं नाही. मग या सड्याफटिंगानं एका हातात वस्तरा धरला, दुसऱ्या हातात दुधाची बाटली. पोर त्याला आबा म्हणायची, रोज सकाळी तिच्या दोन वेण्याही तोच घालायचा. दोघंच असली की ती भलत्याच बोलीत बोलत. पोरीसाठी बिचारा तिच्या आईची बोली शिकला, म्हणून टेलरची बायको पदर डोळ्यांना लावायची.

बाहेरून आलेल्यांना परत धाडायची मोहीम निघाली आणि सलूनच्या दारात सरकारी माणूस येऊन गेला. सलूनवाला एवढंच म्हणाला, "आमची ताटातूट करायला निघालेत." पुढचं गल्लीनं आपलं आपण ओळखलं.

प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा वकीलबाईंनी धीर दिला. आता कायद्यानं मुलाचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही, न्यायाधीश पोरीशी स्वतः बोलतील, असं त्यांनी सांगितलं. हे ऐकून टेलरला चेव आला. ज्या पोरीच्या तोंडून शब्द काढायला पक्कड लागते, तिला तो रोज संध्याकाळी कापडाच्या चिंध्यांमध्ये बसवून घोकवू लागला. मला इथंच राहू द्या, मला पाठवू नका, मी आबांशिवाय जेवत नाही. ती बटणं रंगाप्रमाणे लावत मान हलवायची.

सुनावणीला निम्मी गल्ली कोर्टाच्या व्हरांड्यात. न्यायाधीशबाईंनी काळा कोट काढून ठेवला, पोरीचं बोट धरलं आणि तिला एकटीला आत नेलं. दार लागलं. मयतालाही विनोद करणारा सलूनवाला, पण आज हात गुडघ्यांत घालून त्या दाराकडे बघत बसला होता. टेलरनं त्याला चहा आणून दिला. कप तसाच गार झाला.

दुपारी निकाल लागला. मुलीचं हित सगळ्यात आधी, तिला आणि तिला वाढवणाऱ्याला वेगळं करता येणार नाही.

सलूनवाल्यानं न्यायाधीशबाईंना हात जोडले, वकीलबाईंना जोडले, शिपायाला जोडले, आणि पुढे काही दिसेना तेव्हा पाण्याच्या पिंपालाही जोडले. टेलरला तर त्यानं मिठीच मारली. "हरलो बाबा," म्हणाला. "देवानं असंच हरवावं."

संध्याकाळी सलूनची खुर्ची चौकात आली. दुकानं अर्ध्यावर टाकून माणसं जमली, वरच्या गॅलऱ्या भरल्या. टेलरनं वस्तरा उचलला आणि कात्रीसारखा धरला.

"कापड नाही रे ते," सलूनवाला हसता हसता डोळे पुसत म्हणाला. "माप चुकलं तर उसवता येणार नाही."

अर्धी मिशी उतरली. लोकांनी टाळ्या पिटल्या. टेलरची छाती फुगली, त्यानं बाजूला टॉवेल धरून उभ्या पोरीला मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं, मी शिकवलं तस्संच सांगितलंस ना आत?"

आणि लाऊडस्पीकर पहिल्यांदाच चौकभर ऐकू येईल अशी बोलली.

"नाही, टेलरकाका. मी तर इथंच जन्मले, मला कोण कशाला पाठवेल? परत पाठवणार होते ते आबांना."