डावे हात

शिक्षकांच्या मूल्यमापनाची पद्धत बदलली आणि मिलाग्रोस मॅम धास्तावली. आजवर मुख्याध्यापिकाच वर्ग बघायच्या, हसून गुण टाकायच्या. आता मागच्या बाकावर परका तपासनीस बसला होता. तिने त्याच्यासाठी आणलेल्या पांदेसाल पावाला त्याने हातही लावला नव्हता. नापास केलं की नोकरी गेली. वर्गात पंचावन्न पोरं कोंबणाऱ्यांना मात्र कुणी नापास करत नाही. तिने फळ्यावर अपूर्णांक मांडला. पंचावन्न हात वर झाले. तिने जुनजुनला उठवलं. उत्तर बरोबर आलं. पोरांना पढवलेलंच होतं: येत असेल तर उजवा हात, नसेल तर डावा. तपासनीस उठला. “मॅम, एकोणीस वर्षं शिकवताना मीही हेच केलंय,” तो हळूच म्हणाला. तो पोरांकडे वळला. “उजवे हात खाली घ्या रे.” सात हात खाली आले. बाकीचे डावे, शिकवल्याप्रमाणे, ताठ वर राहिले.