चिंधी बांधलेला भोपळा

वाळलेल्या भोपळ्याला भोकं पाडणं हे काजं करण्याइतकंच नाजूक काम आहे, हे शिंप्याला पहिल्याच भोकात कळलं. गिरमिट जरा जास्त दाबलं की साल तडकते. त्याने जीभ दातांत धरून दुसरं भोक पाडलं, मग तिसरं. आत दिवा सोडला की भिंतीवर चांदण्या पडणार होत्या. थंडीच्या सुट्ट्या लागल्या की नात येणार होती. मागच्या सुट्टीत तिने घरभर फिरून विचारलं होतं, "आजोबा, आजी नसली की तुमच्याकडे काहीच सजवत नाहीत का?" ते वाक्य तेव्हापासून त्याच्या मनात सलत होतं.

भोपळा त्याचा नव्हता, एवढीच काय ती अडचण. वेल कुंपणापलीकडच्या शेजारीणबाईंच्या वाफ्यातला. बाईंच्या हातात बारा महिने खुरपं असे, म्हणून शिंपी त्यांना मनातल्या मनात खुरपंबाई म्हणायचा. यंदा त्यांचा वेल सुतळीच्या आधाराने कुंपण चढून अलीकडे उतरला आणि त्याला धरलेला एकुलता एक भोपळा शिंप्याच्या अंगणात लोंबू लागला. देठाला चिंधी बांधली होती. शिंपी माणूस, त्याने आधी कापड पाहिलं. निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं, विटलेलं. चिंधी कुणी उगाच बांधत नाही, हे त्याला कळत होतं. पण पानगळ झाली, वेल वाळून गेला, तरी बाई फिरकल्या नाहीत. माझ्या हद्दीत लोंबतोय म्हणजे माझाच, असं त्याने स्वतःला पटवलं आणि कात्री चालवली. तीही बाई घरात नाहीत असं बघून.

आतल्या बिया त्याने पाचोळ्याच्या ढिगावर ओतल्या आणि ढीग पेटवून दिला. बागेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. बाग बायको बघायची, आणि तो मशीनवरून मान वर करायचा नाही. चिंधी तेवढी खिशात ठेवली. चिंध्या टाकायच्या नाहीत, ही त्याची जन्माची खोड.

शेवटचं भोक पाडत होता तोच बाई दारात उभ्या. आज हातात खुरपं नव्हतं. त्यांची नजर सरळ भोपळ्यावर गेली. आता काही खरं नाही, असं शिंप्याला वाटलं.

"अगंबाई, दिवा केलात?" बाई हसल्या. "छान झालाय हो, भाऊ. यंदा कीड पडली, एवढा एकच वाचला. म्हणून बियाण्याला ठेवला होता. बिया ठेवल्यात ना नीट?"

आयुष्यभर गिऱ्हाइकांना 'उद्या नक्की' सांगत आलेली शिंप्याची जीभ सवयीने पुढे झाली. "हो तर. सुकत घातल्यात. उद्या आणून देतो."

"आणा सावकाश. मलाही त्याबद्दल जरा बोलायचंय," म्हणून बाई गेल्या.

त्यांची पाठ वळताच तो राखेकडे धावला. काठीने उकरली, हातांनी चाळली. बोटं काळीकुट्ट झाली, पण एकही बी हाती लागलं नाही. पिकल्या केसांचा माणूस, आणि शेजारणीचा भोपळा लांबवून वर खोटं बोललेला. लाजेने त्याचे कान तापले. जाऊन सरळ सांगून टाकावं म्हणून तो कुंपणापर्यंत गेलासुद्धा. पलीकडे बाई वाकून थंडीसाठी वाफे पाचोळ्याने झाकत होत्या. तो आल्या पावली परत फिरला.

दुसऱ्या दिवशी ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून त्याने गावाच्या पार दुसऱ्या टोकाचं बियाण्याचं दुकान गाठलं.

"कुठला भोपळा हवा?" दुकानदाराने विचारलं.

"वाळल्यावर ज्याचा दिवा करता येतो, तो."

दुकानदार हसला आणि त्याने एक पाकीट पुढे केलं. घरी येऊन शिंप्याने पाकीट फाडून टाकलं. बिया मुठीत धरून तो बराच वेळ बसला. नुसत्या नेल्या तर संशय यायचा. मग खिशातली चिंधी आठवली. त्याने बिया तिच्यात बांधून गाठ मारली. लबाडी केली ती केली, वर तिला अस्तरही लावलं, असं मनात येऊन त्याला स्वतःची किळस आली. तरी तो गेला.

बाईंनी पुरचुंडी तळहातावर घेतली, पण उघडली नाही. गाठीवरून नुसता अंगठा फिरवत राहिल्या.

"चिंधीसुद्धा जपलीत," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "ओळखलीत ना? वहिनींच्या एप्रनची. तुम्हीच शिवला होता. त्यांनी मला पहिल्यांदा बी दिलं ते याच चिंधीत बांधून. मग मी दरवर्षी बियाण्याच्या भोपळ्याला हीच बांधत आले."

शिंपी निळ्या कापडावरच्या ठिपक्यांकडे बघत राहिला. एप्रनचा खिसा त्याने दोनदा उसवून पुन्हा शिवला होता. बायकोला तो खोल हवा होता, बिया ठेवायला.

"त्या गेल्या तेव्हाच ठरवलं होतं, त्यांचं वाण त्यांच्या घरी परत जायला हवं," बाई म्हणाल्या. "हातात आणून दिलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. म्हणून वेलच तुमच्या बाजूला वळवला."

शिंप्याची नजर आपल्या नखांत अजून उरलेल्या राखेवर गेली.

बाईंनी पुरचुंडी त्याच्या हातात ठेवली आणि आपल्या हातांनी त्याची मूठ मिटवली. "जपून ठेवा, भाऊ. वहिनींच्या हातचं आता एवढंच उरलंय."