'आमच्या अमेरिकेत'चा चहा

सिडनीतल्या टूनगॅबीच्या बागेत दुपारी जमणाऱ्या मराठी आजोबांचे कान किटले, तेव्हा कुमाररावांनी नियम काढला: जो 'आमच्या अमेरिकेत' म्हणेल, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा. नियम अर्थात दीनानाथांसाठीच होता. पन्नास वर्षं ओहायोत काढून ते वर्षापूर्वी इथे लेकीकडे राहायला आले होते. विषय ट्रेनच्या टायमिंगचा निघाला, तरी ते तो राष्ट्राध्यक्षाच्या राजीनाम्यापर्यंत नेत, आणि ती बातमी बघताना घरात कुठली भाजी करपली तेही सांगत.

सलग अकराव्या दिवशी थर्मास घेऊन त्यांच्या पत्नी सुचित्राबाईच आल्या. कुमारराव ओशाळले.

"वहिनी, आमच्या थट्टेपायी तुम्हाला रोजचा त्रास झाला."

"त्रास कसला, भावोजी? ओहायोतल्या मित्रांनीही हाच नियम केला होता," कप भरता भरता सुचित्राबाई म्हणाल्या. "तिकडे मी पन्नास वर्षं 'आमच्या साताऱ्यात'चा चहा केला. पुढच्या महिन्यात धाकटीकडे ऑकलंडला चाललोय. तिथे 'आमच्या टूनगॅबीत'चा करीन."